निजाळ, मूळ अज्ञात

आमच्या निवृत्त शिक्षकांच्या गटावर सकाळी उगवत्या सूर्याचं चित्र येतं आणि मागोमाग ‘मराठवाड्यातील लुप्त होत चाललेले शब्द’ येतात. माळवं, कोरड्यास, बैदा. परवा चौथा शब्द होता निजाळ. ‘निजाळ : दगड. चाकूर भागातील कुळवाडी बोलीतला प्राचीन शब्द. मूळ अज्ञात.’ खाली सूचना, की हे वाचून ज्यांना आजोळ आठवलं त्यांनीच पुढं पाठवावं. एका निवृत्त मुख्याध्यापकांना आठवलं. त्यांनी लिहिलं, ‘आमची आजी हाच शब्द वापरायची.’

कशी वापरेल? हा शब्द एका बाईनं केला. ती बाई अजून हयात आहे आणि वर्षातून दोनदा मला शेंगदाण्याची चटणी पाठवते. तो प्राचीन आहे, ही थाप माझी आहे. मी ताबडतोब लिहिलं, ‘हा शब्द जुना नाही. माझ्या वहिनींनी केलेला आहे.’ उत्तरादाखल जोडलेल्या हातांची चित्रं आली. ‘वहिनींना सा. न.’ असं एकानं लिहिलं. एकानं केक पाठवला. त्याला वाढदिवस वाटला असावा.

तेव्हापासून मी नीट झोपलेलो नाही. हे सगळं एकदा कुठंतरी सरळ लिहून ठेवायला हवं, म्हणून बसलोय.

माझ्या आजीची पहिली मुलं जगली नाहीत. पुढं झालेल्या दोन मुलांची नावं तिनं मुद्दाम अशी ठेवली, की यमानं ढुंकूनही बघू नये. थोरल्याचं धोंड्यावरून, धाकट्याचं दगडावरून. नावं इथं लिहीत नाही. मराठवाड्यात प्रत्येक गावात त्या नावाचा एखादा तरी म्हातारा निघेल. यमानं खरंच बघितलं नाही, दोघंही पिकल्या केसांपर्यंत जगले. त्यातला धाकटा माझा बाप. आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

पण आजीनं एका गोष्टीचा विचार केला नव्हता. बाईनं नवऱ्याचं, दिराचं नाव घ्यायचं नसतं, सासऱ्याचं, चुलतसासऱ्याचंही नाही, आणि त्या नावातला शब्दही तोंडात येऊ द्यायचा नसतो. सासऱ्याचं नाव सोमवारावरून असलं तर सून जन्मभर ‘महादेवाचा वार’ म्हणते. तसं काही असतं तर भागलं असतं. आमच्या घरातल्या बायकांना मात्र दगडही म्हणता येत नव्हतं आणि धोंडाही. त्यात आमचं रान चाकूरच्या अलीकडं, माळावरचं. तिथं मातीपेक्षा दगड जास्त, आणि ते वेचून बांधावर टाकायचं काम बायकांचं. दिवसभर जे उचलायचं त्याचंच नाव घ्यायला बंदी. ही व्यवस्था ज्यानं लावली त्याला एक दिवस आमच्या रानात उभं करायला पाहिजे होतं.

माझी आई ‘ते’ म्हणून भागवायची. “ते उचल. त्याच्याखाली इच्चू असंल.” बारक्याला खडा म्हणता यायचं, हातात मावणाऱ्याला गोटा. पण मांडीएवढा दगड वाटेत पडलाय आणि मागून येणाऱ्या बाईला सावध करायचंय, तेव्हा ‘ते’ म्हणून काय उपयोग? ती वर बघते.

अशा घरात माझी वहिनी लग्न करून आली. माहेर उदगीरच्या पलीकडचं. शाळा चौथीपर्यंत. मी तेव्हा नांदेडला शिकत होतो, सुट्टीत गावी गेलो तर रानातून बायकांची हाक ऐकू आली, “निजाळ हाय, निजाळ! खाली बघून!” मी आईला विचारलं, निजाळ काय? आई हसली आणि नव्या सुनेकडं बोट केलं.

वहिनी म्हणाल्या, “निजूनच असतंय की ते, भावजी. हाक मारा, उठतंय का? म्हणून निजाळ.”

दोन दिवसांत आई तेच म्हणायला लागली. चुलती म्हणायला लागली. आबांनी ऐकलं तेव्हा ते ओसरीवर जेवत होते. त्यांनी विचारलं, “सूनबाई, आज रानात काय झालं?” आतून उत्तर आलं, “धा टोपल्या निजाळ येचलं, मामंजी.” आबांचा घास हातातच राहिला. मग ते एवढे हसले, की त्यांना ठसका लागला. “मला निजवलीस व्हय गं! मेल्यावर तरी उठव.” त्या दिवसापासून आबा कधीमधी स्वतःलाही निजाळ म्हणायचे, पण घरात. घराच्या आणि रानातल्या बायकांच्या बाहेर तो शब्द जात नव्हता.

बाहेर मी नेला.

मी नांदेडला मराठीचा शिक्षक झालो आणि एका साप्ताहिकात शब्दांच्या गमती सांगणारं सदर लिहायला लागलो. आठवड्याला एक शब्द लागायचा. सुरुवातीला सोपं होतं. आमच्या बोलीत निजामाच्या काळातली उर्दू ठासून भरलीय, सीमेवर कन्नड आहे, देगलूरकडं तेलुगू आहे. पण वर्षभरानं माझी पोतडी रिकामी झाली आणि एका आठवड्याला निजाळ टाकला. ‘वहिनींनी केलेला शब्द’ असं लिहायला काय हरकत होती? कुणी अडवलं नव्हतं. संपादक तर मजकूर न वाचताच छापायचे. पण मला विद्वान दिसायचं होतं. चौथी शिकलेल्या बाईनं रानात केलेला शब्द, असं लिहिलं तर ती घरगुती गंमत झाली असती. ‘चाकूर भागातील कुळवाडी बोलीतला प्राचीन शब्द, मूळ अज्ञात’ लिहिलं की संशोधन होतं. अज्ञात! मूळ आमच्या चुलीपुढं भाकरी थापत होतं.

साप्ताहिक एसटीनं गावात पोचलं. हॉटेलात कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं. आमच्या बायका काय म्हणतात ते गावातल्या बायकांना ठाऊक होतं, पुरुषांना नव्हतं. आता झालं. दुसऱ्या दिवशी आबा पाराकडं निघाले तर हाक आली, “राम राम निजाळ!” चहा मागवला तर, “निजाळाला बिनसाखरेचा का साखरंचा?” आबा आठवडाभर हसले. मग एका लग्नात व्याह्यांच्या माणसांनी पंक्तीत तेच केलं, “निजाळाला वाढा की हो, निजलंय बगा.” आबा अर्ध्या ताटावरून उठले. त्यानंतर ते पाराकडं गेले नाहीत. माणूस मोकळ्या स्वभावाचा, दिवसभर ओसरीवर बसून राहायला लागला.

आई वहिनींना काय म्हणाली ते मला पुढं भावानं सांगितलं. “नाव घिऊ नकू म्हणून शिकिवलं, तर तू समद्या मुलकाला घ्यायला लावलीस.” वहिनींनी पेपर पाहिलाही नव्हता.

मी उन्हाळ्यात गेलो तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. लेखाबद्दल कौतुक होईल अशी आशा होती. रानात जाऊन मी मोठ्यानं विचारलं, “वैनी, निजाळ वेचून झालं का?”

वहिनींनी जीभ चावली आणि पदर ओढून घेतला. “भावजी! बापाचं नाव घिऊ लागलाव व्हय?”

मला कळायला वेळ लागला. गाव आबांना निजाळ म्हणायला लागलं, म्हणजे ते आबांचं नाव झालं. आबांचं नाव झालं म्हणजे सुनेला ते घ्यायला बंदी. दगड गेला होता, धोंडा गेला होता, तिनं स्वतःसाठी एक शब्द घडवला होता, तो मी छापून तिच्या तोंडातून काढून घेतला. पुन्हा आईसारखं ‘ते’. माझ्याकडं पाठ करून वहिनी ‘ते’ उचलून बांधावर टाकत राहिल्या.

मी काय केलं? परत येऊन पुढच्या आठवड्याचा शब्द शोधला. आबा गेले, आई गेली, भाऊ गेला. लेख मात्र काही मेला नाही. एका शब्दसंग्रहात तो माझ्या हवाल्यानं गेला. मग एका प्राध्यापकांनी लिहिलं, की कन्नडात निज म्हणजे खरं, तेव्हा निजाळ म्हणजे हद्दीचा खरा दगड. दुसऱ्यांनी त्यांना खोडून काढलं आणि सांगितलं, की निजामाच्या मोजणीदारांनी रोवलेला दगड तो निजाळ. दोघांचं भांडण एका दिवाळी अंकात सात पानं चाललं. मी ती सात पानं वाचली आणि गप्प बसलो. तेव्हा बोलायला हवं होतं. नोकरी होती, लोक सर म्हणत होते, बोललो नाही.

आता बोलतोय तर ऐकायला कुणी तयार नाही. लातूरच्या एका क्लासच्या पुस्तकात निजाळवर प्रश्न आहे, चार पर्यायांसह. मी लातूरला जाऊन त्या संचालकांना भेटलो. तरुण माणूस, नम्र. म्हणाला, “सर, तुमचं खरं असेल. पण पोरांनी ‘प्राचीन बोली’ पाठ केलंय. आता उत्तर बदललं तर गोंधळ होईल.”

“अहो, पण ते चूक आहे.”

“चूक आहे, पण सगळीकडं एकच चूक आहे ना. मग मार्क जात नाहीत.”

त्यानं मला चहा पाजला आणि त्या पुस्तकाची एक प्रत भेट दिली.

शेवटी एक आशा दिसली. बोलींचा कोश करणाऱ्या एका संस्थेसाठी नांदेडची एक मुलगी गावोगाव फिरून लोकांचे आवाज ध्वनिमुद्रित करते. ती माझ्याकडं निजाळबद्दलच विचारायला आली. तिच्या नोंदीत होतं : मूळ अज्ञात, बोलणारे सापडत नाहीत. मी तिला सगळं सांगितलं. ती खुर्चीतून उठलीच. “सर, मी कधीची शोधतेय! शब्द ज्यानं केला तो माणूसच सापडणं, असं कधी होतच नाही हो.”

“मग लिहा, वहिनींनी केला म्हणून.”

“तुमच्या सांगण्यावरून नाही लिहिता येणार. तुम्ही ऐकीव.”

“मी ऐकीव?”

“आजींच्या तोंडून पाहिजे. नेहमीचा शब्द काय, त्यांचा शब्द काय आणि तो त्यांनीच केला, एवढं त्यांच्या आवाजात. मग मी मूळ बदलते. तुमचा जुना लेख चूक होता, हेही तिथं लिहिते.”

मला हेच पाहिजे होतं. वहिनी ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांच्या हयातीत त्यांचा शब्द त्यांच्या नावावर झाला पाहिजे, एवढी एकच गोष्ट आता माझ्या हातात उरली होती. आम्ही दोघं एसटीनं निघालो. लोहा, अहमदपूर, पुढं चाकूर. पुतण्यानं गावात स्लॅबचं घर बांधलंय, पुढं कुंपणाला रानातलेच दगड रचलेत. वहिनी ओसरीत ताटात डाळ निवडत बसल्या होत्या. पुतण्याची बायको आत स्वयंपाकात होती.

मुलगी हुशार. तिनं यंत्र मांडलं आणि गोडीगोडीनं सुरुवात केली. “आजी, ताटातून काय काढताय?”

“खडं.”

“बरं. आणि त्याहून मोठं असलं तर?”

“मोठा खडा.”

मुलीनं कुंपणाकडं बोट केलं. “ते काय?”

“लई मोठा खडा.”

“आणि डोंगराएवढा असला तर?”

“डोंगूर,” वहिनी म्हणाल्या आणि झटक्यानं ताट हलवलं.

आतून पुतण्याच्या बायकोचं हसू ऐकू आलं. मी सांगून पाहिलं, की वैनी, एकदाच बोला, यंत्राला बोला, आम्ही कान झाकतो. वहिनी म्हणाल्या, “कानाचं काय हाय? तोंड माझं हाय.”

“अहो, आबांना जाऊन किती वर्षं झाली!”

“मेल्यावर सासरा राहत न्हाई व्हय? मग तुमचे बी आबा ऱ्हायले न्हाईत म्हणा.”

“बरं, दगड म्हणू नका. निजाळ तरी म्हणा.”

त्यांनी पुन्हा तीच जीभ चावली, चाळीसेक वर्षांपूर्वीसारखीच. माझा तोल गेला. मी ओरडलो, की तुमच्यासाठी नांदेडहून आलो, सगळं जग तुमचा शब्द वापरतंय, कुणाची आजी वापरायची म्हणतंय, आणि तुम्हाला तीन अक्षरं उच्चारता येत नाहीत? वहिनींनी शांतपणे एक खडा ओसरीबाहेर फेकला.

“ओरडताव कशाला? मी म्हणलं होतं का छापा म्हणून?”

मी म्हणालो, “वैनी, चुकलं माझं. तेव्हाच चुकलं. आबा पाराकडं जायचे बंद झाले ते माझ्यामुळं, आणि बोल तुम्हाला लागला.”

“हाव,” वहिनी म्हणाल्या. “ठाव हाय मला.” आणि ताट बाजूला सारून, “जेवून जावा. वरण हाय.”

मुलीनं यंत्र बंद केलं नव्हतं. तिनं हळूच विचारलं, “आजी, एक सांगा. ‘ते’ म्हणून एवढी वर्षं कसं भागलं? रानात हाक काय मारायचा?”

वहिनींनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “भावजी, जरा भाईर जावा.”

“का?”

“जावा म्हणलं न्हवं.”

मी अंगणात गेलो. त्या सगळ्या आत गेल्या आणि दार लोटलं गेलं. आतून वहिनींचा आवाज, मग मुलीचा, मग पुतण्याच्या बायकोचा. शब्द एकही कळत नव्हता, पण मधूनमधून तिघी हसत होत्या. शेजारची एक म्हातारी काठी टेकत आली, तिला आत घेतलं. मला नाही. उन्हात उभा राहून मी कुंपणाकडं बघत राहिलो.

बऱ्याच वेळानं मुलगी बाहेर आली. चेहरा असा, की काहीतरी घबाड सापडलंय. “सर, त्यांचा दुसरा शब्द आहे. तुमच्या लेखानंतर केलेला. या गल्लीतल्या सगळ्या सुना तोच म्हणतात. शेजारच्या आजींनीही बोलून दाखवला. जिवंत शब्द, सर!”

“कोणता?”

तिनं यंत्र पिशवीत घातलं.

“अहो, कोणता?”

“आजींनी वचन घेतलंय. त्यांच्या मागं छापायचा, त्यांच्या नावासकट. आणि तुम्हाला सांगायचा नाही. म्हणाल्या, भावजीला कळला की पेपरात येईल, आणि मग मला तिसरा करावा लागेल. आता डोकं चालत न्हाई.”

“आणि निजाळ? त्याचं काय?”

“मी विचारलं, तुम्हीच केला ना? त्यांनी हो म्हणून मान हलवली.”

“मग झालं की!”

“मान हलवल्याचा आवाज येत नाही, सर.” तिला माझी दया आली असावी. “तुम्ही तुमच्या नावानं लिहा की. दुरुस्ती म्हणून. छापून आलं की मी त्याचा हवाला देते.” मग म्हणाली, “आजी म्हणाल्या, तो भावजीलाच देऊन टाका. त्यांनीच लई फिरवला.”

मला तो नको आहे. मी काय करू त्याचं? आबा त्या शब्दापायी पारावरून उठले. म्हणून इथं लिहितो, ज्याला हवाला पाहिजे त्यानं घ्यावा. निजाळ हा शब्द प्राचीन नाही. त्याचा कन्नडाशी किंवा निजामाशी संबंध नाही. मूळ अज्ञात नाही. मूळ : चाकूर तालुक्यातली एक सून. नाव घालू का, असं मी जेवताना विचारलं होतं. वहिनी म्हणाल्या, “माझ्या मागं ती पोरगी घालंल. तुमी नका.”

निघायची वेळ झाली. वहिनी दारापर्यंत आल्या. मी पाया पडलो, वळलो आणि एसटी चुकेल म्हणून घाईघाईनं फाटकाकडं निघालो.

“भावजी, खाली बघा! तिथं—”

एवढं म्हणून त्या थांबल्या. त्यांनी तोंडावर हात ठेवला. मुलगी हसायला लागली, तिच्यामागं पुतण्याची बायको हसायला लागली, शेजारच्या म्हातारीनं तर काठी आपटली.

“तिथं काय?” मी म्हणालो. “बोला की, तिथं काय आहे?”

हसू आणखीच वाढलं. मी खाली बघितलं आणि त्याच्यावरून पाय उचलून टाकला.